कार्टला बॉडी बसवताना: आधी चाकं, मग प्लास्टिक

कार्टची, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाडीची, बॉडी म्हणजे रंगीत प्लास्टिक, ती काय शेवटच्या अर्ध्या तासात आवळू, असं म्हणणारे पालक मला ट्रॅकवर नेहमी भेटतात. त्यांना मी एकच गोष्ट सांगते. कार्टला सस्पेन्शन नसतं. स्प्रिंग नाही, शॉक ॲब्सॉर्बर नाही, डिफरेन्शियलही नाही. मागची दोन्ही चाकं एका अखंड ॲक्सलवर जखडलेली असतात, म्हणून वळणात आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं गेलं तरच कार्ट नीट वळते. ते चाक उचलतात पुढच्या चाकांचे कोन आणि चॅसीचा पीळ. सीनियर गाडीत ३० किंवा ३२ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी नळ्यांची ती चौकट, तीच आपली स्प्रिंग. तिला पुढून, मागून आणि दोन्ही बगलांतून आपण बॉडी जोडतो. जोडताना ताण राहिला, तर हजारो रुपये घालून केलेला सेटअप, म्हणजे गाडीची जुळवणी, बॉडीचे चार बोल्ट खाऊन टाकतात.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातली. वडिलांचं टर्निंगचं वर्कशॉप, त्यामुळे हातात बाहुलीच्या आधी व्हर्निअर आला. मुलगी ज्युनियर वर्गात कार्ट चालवते आणि तिची गाडी मी स्वतः बांधते. आमच्या गावात मोहिते ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्यात, त्यामुळे बाहेरच्या मोठ्या संघांचं काम जवळून बघायला मिळालं. इथे लिहिते आहे ती पद्धत पूर्ण आकाराच्या, म्हणजे साधारण १०४० मिलिमीटर व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) रेसिंग चॅसीसाठी आहे. आकडे सीआयके-एफआयएच्या, म्हणजे कार्टिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमांच्या चौकटीतले आहेत. कॅडेट आणि मिनी या लहान मुलांच्या वर्गांतल्या गाड्या लहान, त्यांचे आकडे वेगळे. आपल्या स्पर्धेचं त्या वर्षाचं नियमपत्रक छापून भिंतीला लावा आणि शेवटचा शब्द त्याचाच माना.

बॉडीला हात लावण्याआधी

बॉडीची मापं नियमात चाकांवरून आणि जमिनीवरून दिलेली असतात. म्हणून चाकं आधी. मागचा ॲक्सल मधोमध आहे का, मागची रुंदी ठरली का, पुढच्या हबचे स्पेसर (चाक आत-बाहेर सरकवणाऱ्या कड्या) दोन्हीकडे सारखे आहेत का, टो (पुढची चाकं आत किंवा बाहेर वळलेली असतात तो कोन) जुळला का, हे सगळं उरकल्याशिवाय ड्रिल मशीन बाहेर काढू नका. टायर शर्यतीचे, हवाही शर्यतीची. आणि मुलगा किंवा मुलगी हेल्मेटसकट सीटवर बसलेली हवी. माणूस बसल्यावर चौकट खाली येते आणि पॉडची, म्हणजे बगलेत दोन चाकांमध्ये बसणाऱ्या प्लास्टिकची, जमिनीपासूनची उंची काही मिलिमीटरने बदलते. रिकाम्या गाडीवर घेतलेलं उंचीचं माप तपासणीत कामाला येत नाही.

फरशी सपाट आहे असं गृहीत धरू नका. चारही टायर जिथे टेकतात तिथे लेव्हल लावून बघा, लागेल तिथे पत्र्याचे तुकडे घाला आणि चाकांच्या जागा रंगाने आखून ठेवा. पुढच्या वेळी गाडी तिथेच उभी करायची.

आता मध्यरेषा. दोन्ही किंगपिन बोल्टांच्या (ज्यांवर पुढची चाकं वळतात) मध्यातून ओळंबा सोडा, खाली खडूने खुणा करा, त्यांचा मध्य काढा. मागे चौकटीच्या दोन मुख्य नळ्यांच्या बाहेरच्या कडांवरून तसंच करा. दोन्ही मध्य सुतळीने जोडले की चॅसीची खरी मध्यरेषा जमिनीवर आली. त्याच वेळी कर्ण मोजा: डाव्या किंगपिनपासून मागच्या ॲक्सलच्या उजव्या बेअरिंगच्या घरापर्यंत आणि उजव्यापासून डाव्या घरापर्यंत. फरक दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त दिसला तर चॅसी वाकलेली आहे, तिला आधी चौकट सरळ करायच्या जिगवर न्या. वाकलेल्या चॅसीवर बॉडी सरळ दिसेलही, पण ती सरळ असणार नाही.

फ्लोअर ट्रे, म्हणजे पायाखालचा पत्रा, याआधीच बसलेला असावा. त्याचे बोल्ट सारखे आवळलेले आणि खाली जमिनीला घासणारं डोकं एकही नाही, एवढं बघा आणि पुढे चला.

साइडपॉड: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

पॉड बघण्याआधी ज्यावर तो बसतो तो साइड बार, म्हणजे बगलेची नळी, बघा. बार चॅसीच्या सॉकेटमध्ये हाताने सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर बार तरी वाकलाय किंवा सॉकेट तरी. ठोकून बसवलेला बार म्हणजे चौकटीवर कायमचा ताण. वाकलेला बार सरळ करत बसण्यापेक्षा बदला. दोन्ही बाजूंचे बार घातल्यावर जमिनीपासून त्यांची उंची पुढे आणि मागे मोजा. डावी-उजवी जुळली नाही तर पॉड कधीच जुळणार नाहीत.

नियम असा आहे: पुढची चाकं सरळ ठेवून, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या बाहेरच्या कडांना जोडणारं एक उभं प्रतल कल्पायचं. पॉड त्या प्रतलाच्या बाहेर येता कामा नये आणि ४० मिलिमीटरपेक्षा जास्त आतही जाता कामा नये. उंचीलाही तसंच. पुढच्या आणि मागच्या टायरच्या माथ्यांवरून जाणाऱ्या प्रतलाच्या वर पॉड नको. पुढचं टायर १० इंचाचं, मागचं ११ इंचाचं, म्हणजे ते वरचं प्रतल मागे चढत जातं. जमिनीपासून पॉडची खालची कड किमान २५ आणि कमाल ६० मिलिमीटर. पुढच्या चाकापासून पॉडच्या पुढच्या टोकापर्यंत फट जास्तीत जास्त १५०, मागच्या चाकाकडे जास्तीत जास्त ६०.

यात बहुतेकांचा घोटाळा होतो तो पहिल्या मापात. ते पॉड मध्यरेषेला समांतर बसवतात. डोळ्याला छान दिसतं. पण कार्ट मागे रुंद आणि पुढे अरुंद असते, त्यामुळे नियमातलं प्रतल मध्यरेषेला समांतर नसतंच. समजा मागची रुंदी १३९० आहे आणि पुढची १२३०. म्हणजे एका बाजूला ८० मिलिमीटरचा फरक, तोही १०४० च्या लांबीत. चाकांच्या मधली मोकळी जागा ७७० च्या आसपास आणि पॉड साधारण ६००. त्या पॉडच्या लांबीत प्रतल सुमारे ४५ मिलिमीटर तिरकं जातं. समांतर बसवलेला पॉड मागच्या टोकाला बरोबर ठेवावा तर पुढचं टोक बाहेर येतं, आणि पुढचं टोक आत घ्यावं तर मागचं ४० च्या पलीकडे आत जातं. पॉडचा आकारही मागे फाकलेला असतो तो यासाठीच. तो तिरकस राहू द्या.

मी दीड मीटरचा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप वापरते. चाकाच्या मध्याच्या उंचीला दोन ठोकळ्यांवर ठेवून तो पुढच्या आणि मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेला टेकवायचा. नियमातलं प्रतल आता तुमच्या समोर आहे. पाइप आणि पॉड यांच्यातली फट पुढच्या टोकाला, मध्ये आणि मागच्या टोकाला मोजा, दोन्ही बाजूंची वहीत लिहा. माझा आग्रह ही फट २५ ते ३० ठेवण्याचा आहे, ५-१० नाही. कारण पाऊस. पावसाच्या सेटअपमध्ये मागची रुंदी कमी करतात, पुढची वाढवतात. १३९० ची १३४० केली की एका बाजूला २५ मिलिमीटर आत आलात. ओल्या शर्यतीतही पॉड मागच्या चाकांच्या बाहेरच्या प्रतलापलीकडे चालत नाही. कोल्हापूरसारख्या ठिकाणी आभाळ कधी फुटेल सांगता येत नाही, आणि ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुटायच्या रांगेत, जायच्या दहा मिनिटं आधी पॉडला नवी भोकं पाडत बसायची वेळ कोणावर येऊ नये.

उंचीसाठी टेप नको. सुताराकडून दोन लाकडी ठोकळे करून घ्या, एक बरोबर २५ चा आणि एक ६० चा. २५ चा ठोकळा पॉडखालून सगळीकडे गेला पाहिजे, ६० चा कुठेच जाता कामा नये. चालक सीटवर असताना ३५ ते ४० मिळाले तर कर्बवरून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून, जाताना घासत नाही आणि तपासणीतही श्वास रोखावा लागत नाही.

भोक पाडणं

जागा ठरली की पॉड क्लॅम्पने किंवा जाड केबल टायने बारवर धरा आणि बारच्या ब्रॅकेटमधूनच आतून खूण करा. बाहेरून अंदाजाने नाही. आधी ४ मिलिमीटरचं भोक, मग स्टेप ड्रिलने मोठं. बोल्ट ८ चा असेल तर भोक १० चं. हे दोन मिलिमीटर ढिलाईचे नाहीत, गरजेचे आहेत. बॉडी पॉलिथिलीनची असते आणि हे प्लास्टिक उष्णतेने पोलादाच्या दहापट तरी फुगतं. सकाळच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात २० अंशांनी तापलं तर एक मीटर लांबीत दोन-तीन मिलिमीटर वाढ होते. भोक घट्ट असेल तर ती वाढ जायला जागा नसते. मग प्लास्टिक फुगवटा घेतं किंवा भोकापाशी चीर पडते.

भोकाची कड ब्लेडने साफ करा. चिरेची सुरुवात तिथल्या कुसळातून होते. बोल्टच्या डोक्याखाली मडगार्ड वायसर, म्हणजे मोठा पसरट वायसर, त्याच्या आत रबराचा वायसर, पलीकडे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा नट. नायलॉक एकदा उघडला की दुसऱ्यांदा वापरू नका, दोन-तीन रुपयांची वस्तू आहे. रबर किंचित दबेपर्यंत आवळा आणि थांबा. रबर चेपून बाहेर आलं तर जास्त झालं. होमोलोगेशन असलेल्या, म्हणजे संघटनेने मान्य केलेल्या, बॉडीला बसवण्याच्या भोकांशिवाय कुठेही कापाकापी चालत नाही, पॉडचा कोपरा नळीला अडतोय म्हणून कानस मारणंही नाही. अडत असेल तर बार चुकीचा आहे.

डाव्या बाजूला रेडिएटरचे पाइप, उजवीकडे इंजिन, चेन आणि एक्झॉस्ट. पॉडची आतली कड त्यांना कुठेही टेकलेली नको. गरम एक्झॉस्टजवळ प्लास्टिक थंड असताना लांब वाटतं, म्हणून इंजिन चालवून पुन्हा बघा.

पुढचं नाक

नाकाच्या, म्हणजे गाडीच्या पुढच्या टोकाच्या प्लास्टिकच्या, बाबतीत २०१५ पासून खेळच बदलला. त्याआधी नाक आतल्या नळ्यांच्या बंपरला पक्कं बसवलेलं असे, त्यामुळे पुढच्याला ढकलून वाट काढणारे सर्रास दिसत. आता ते ठरलेल्या क्लॅम्पवर बसतं आणि धडक बसली की मागे सरकतं. शर्यत संपताना नाक जागेवरून सरकलेलं आढळलं तर वेळेचा दंड होतो. म्हणून इथे बसवण्याचा अर्थच वेगळा आहे. नाक पक्कं करायचं नाही, ते सरकायला मोकळं ठेवायचं. त्याच्या मागे सरकण्याच्या वाटेत काहीही आडवं येता कामा नये: केबल टाय नाही, पॅनलचा ब्रॅकेट नाही, ब्रेकचा रॉड नाही.

पुढचा बंपर सरळ आहे ना, हे आधी बघा. वरची नळी साधारण १६ मिलिमीटरची, बारीक, ती हलक्या धडकेतही वाकते आणि डोळ्याला कळत नाही. लेव्हल लावा. वाकलेल्या बंपरवर एका बाजूचा क्लॅम्प जास्त ताणलेला राहतो आणि नेमका तोच कोपरा छोट्याशा धक्क्याने सुटतो. “काही लागलंच नव्हतं, तरी दंड बसला” असं म्हणणाऱ्यांच्या गाडीत बरेचदा हेच निघतं.

नाक जमिनीवरच्या मध्यरेषेवर आणा. नाकाच्या मध्यातून ओळंबा सोडला तर सुतळीवर पडला पाहिजे. मग दोन्ही टोकांपासून आपापल्या किंगपिनपर्यंत अंतर मोजा. चाकापासून मोजू नका, कारण स्पेसर बदलला की चाक हलतं, किंगपिन हलत नाही. दोन्ही टोकांची जमिनीपासूनची उंची जुळवा. रुंदी १००० मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि पुढच्या चाकांच्या बाहेरच्या कडेच्या पलीकडे नको. नाकाचा माथा पुढच्या टायरच्या माथ्यापेक्षा वर नको.

आता स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. टायर नाकाला घासतं का? मग दुसऱ्या कोणाला तरी नाक मागे दाबून धरायला सांगा आणि पुन्हा फिरवा. ही दुसरी चाचणी कोणी करत नाही, आणि तीच महत्त्वाची आहे. पहिल्या वळणात धक्का लागून नाक सरकलं आणि त्यात चाक अडकलं, तर पोरगं सरळ टायरांच्या भिंतीत जाईल. शर्यत हरलेली परवडली.

नाक सरकू नये म्हणून क्लॅम्पवर, नळीवर चिकटपट्टी गुंडाळणं, पॉलिश पेपरने नळी खरखरीत करणं, हे उपाय कोणी सुचवले तर ऐकू नका. नळ्या स्वच्छ, कोरड्या, गुळगुळीत ठेवा आणि क्लॅम्प झिजला की नवा घाला.

नंबरचं पॅनल

स्टिअरिंगच्या पुढचं हे उभं पॅनल दिसायला सगळ्यात सोपं. वरून त्याच्या आधाराच्या दांड्या स्टिअरिंग कॉलमच्या आधाराला लागतात, खालून ते चौकटीच्या पुढच्या भागाला धरलेलं असतं. दोन्ही टोकं पक्की हवीत. स्टिअरिंगच्या चाकापासून किमान ५० मिलिमीटर फट, आणि ती स्टिअरिंग पूर्ण फिरवताना प्रत्येक जागी. सरळ ठेवून मोजलेली फट पुरत नाही, कारण कॉलम तिरका आहे आणि स्टिअरिंगचं चाक कधीकधी खालच्या बाजूने सपाट असतं. हातमोजे घातलेल्या मुलीची बोटं मध्ये घालून फिरवून बघा. पॅनल स्टिअरिंगच्या वर डोकावता कामा नये. बूट घातलेला पाय पॅडलवर पूर्ण दाबून सोडताना पॅनलच्या कडेला अडत नाही ना, हेही चालकालाच बसवून तपासा. मुलं वर्षभरात उंच होतात, पॅडल पुढे जातात, आणि मागच्या मोसमात बरोबर असलेलं पॅनल यंदा नडगीला लागतं.

मागचा बंपर

मागच्या चाकांचं प्लास्टिकचं संरक्षण किमान १३४० मिलिमीटर रुंद असतं, आणि ते कधीही, कोणत्याही परिस्थितीत मागच्या चाकांच्या बाहेर येऊन चालत नाही. गाडीची मागची रुंदी १४०० पेक्षा जास्त नको, म्हणजे तुमच्या हातात दोन्ही बाजूंना मिळून फार तर ६० मिलिमीटर आहेत. पावसात रुंदी कमी करताना हा बंपर तुम्हाला थांबवतो, हे आधीच लक्षात ठेवा. बंपर मध्यरेषेपासून दहा मिलिमीटर जरी डावीकडे बसला असेल, तरी ओल्या सेटअपमध्ये डावीकडून तो बाहेर डोकावेल.

टायर आणि बंपर यांच्यात १५ ते ५० मिलिमीटर फट हवी. मी २५ च्या जवळ ठेवते. त्यापेक्षा कमी असेल तर टायरला चिकटलेलं रबर आणि खडी मध्ये अडकते. जमिनीपासूनची उंची पुन्हा तेच २५ ते ६०, दोन्ही चाकांच्या मागे आणि मध्यभागी तपासायची. आधाराचे ब्रॅकेट दोन मुख्य नळ्यांवर बसतात. ते समोरासमोर, एकाच उंचीला आणि चौकटीला पीळ न देता आवळा: दोन्ही आधी हाताने लावायचे, बंपर मधोमध आणायचा, मग आलटून पालटून थोडं थोडं आवळायचं.

इथेच सेटअपचा भाग सुरू होतो. मागचा बंपर आणि साइड बार घट्ट किंवा किंचित सैल ठेवले की चौकटीचा पीळ बदलतो आणि गाडी वळणात वेगळी वागते. सैल ठेवणं म्हणजे बोल्ट सुटू देणं नव्हे. नायलॉक किंवा दोन नट लावून, रबरावर बसलेला भाग हाताने जेमतेम हलेल इतकंच. एका वेळी एकच जागा बदला, दोन्ही बाजूंना सारखी, आणि वेळ लिहून ठेवा. टायर, हवा आणि बॉडी एकाच सेशनमध्ये बदललं तर कशाने फरक पडला ते कळायचा मार्गच उरत नाही.

बोटाची चाचणी

सगळं आवळून झालं की एक बोल्ट पूर्ण काढा. बाकीचे तसेच. तो परत भोकात बोटाने घाला. सहज गेला तर ती जागा मोकळी आहे. भोक सरकलेलं दिसलं, बोल्ट पान्याने किंवा ठोकून घालावा लागला, तर तिथे ताण होता आणि तो तुम्ही चौकटीवर चढवला होता. भोक वाढवा, वायसर घाला किंवा ब्रॅकेट हलवा. अशी एकेक जागा तपासायची, पॉडची, पॅनलची, मागच्या बंपरची. कंटाळवाणं काम आहे, पण या एका चाचणीने मला बॉडीबद्दल जितकं शिकवलं तितकं कोणत्याही कॅटलॉगने नाही.

नंतर गाडी जमिनीवर ठेवून पुढचं एक चाक हाताने वर उचला, चौकटीला पीळ बसू द्या आणि कान द्या. प्लास्टिक कुरकुरलं किंवा पॉड बारवर टकटकला तर ती जागा शोधा. मग दुसरं चाक.

स्टिकर मी बॉडी गाडीवर चढवण्याआधी, टेबलावर ठेवून लावते. आधी स्पिरिटने पुसायचं, मग हेअर ड्रायरने गरम करत मधून बाहेर दाबत जायचं. नंबर पिवळ्यावर काळा, पुढे, मागे आणि दोन्ही पॉडच्या मागच्या भागावर. पॉडवरचा नंबर मागच्या टायरकडे असतो, तिथे बोल्टचं डोकं अंकाच्या मधोमध येणार नाही अशी जागा आधीच बघा.

पहिल्या सेशननंतर गाडी स्टँडवर घेतली की बॉडीचे सगळे बोल्ट पुन्हा बघा, कारण रबर एकदा गरम होऊन बसल्यावर थोडी ढिलाई येतेच. प्रत्येक नटावर आणि बोल्टच्या टोकावर रंगीत मार्करची एक सलग रेघ मारून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे लांबूनच कळतं. आणि पेटीत एवढं कायम ठेवा: नाकाच्या क्लॅम्पचा एक जादा संच, पुढच्या बंपरची वरची नळी, एक साइड बार, मडगार्ड वायसर, रबर वायसर, नायलॉक नट, जाड केबल टाय, आणि ते दोन लाकडी ठोकळे.